टोपणनाव घ्या, पण एकच: मराठी संस्थळांवर नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

मराठी संस्थळावर खातं उघडायला बसलं की पहिल्याच रकान्यात माणूस अडखळतो. सदस्यनाम काय लिहायचं? घाईतले लोक नाव, आडनाव आणि जन्मसाल चिकटवून मोकळे होतात आणि पुढे पस्तावतात. काही जण तिथल्या तिथे सुचेल ते टंकतात, आणि तेही पस्तावतात. टोपणनावाबद्दल दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, टोपणनावामागे लपणारा भित्रा असतो. दुसरं, टोपणनाव आहे म्हणजे काहीही बोलायची मोकळीक आहे. माझ्या मते दोन्ही चूक. खरं नाव खुशाल लपवा, पण घेतलेलं नाव एकच असू द्या आणि त्या नावाने जे लिहाल त्याचा जाब द्यायची तयारी ठेवा. हे प्रत्यक्षात कसं जमवायचं ते पुढे सांगतो.

आधी रोमात राहा

काही आठवडे नुसतं वाचा. याला ‘रोमात असणं’ म्हणतात, आणि ‘बरीच वर्षं रोमात होते, आज धीर करून लिहितेय’ ही पहिल्या लेखाची जवळजवळ ठरलेली सुरुवात आहे. ‘मायबोली’ हे संस्थळ १९९६ पासून चालू आहे, ‘मिसळपाव’ २००७ पासून. एवढ्या काळात प्रत्येक ठिकाणचे रिवाज, जुनी भांडणं आणि जुने विनोद मुरलेले आहेत. एका संस्थळावर थट्टा म्हणून खपणारं वाक्य दुसरीकडे उद्धटपणा ठरतं.

धोरणाचं पान एकदा नीट वाचा. ते कुणी वाचत नाही, आणि प्रतिसाद उडाला की सगळ्यांना त्याच पानावरचं कलम दाखवलं जातं. तिथली बोली शिकून घ्या: व्यनि म्हणजे व्यक्तिगत निरोप, विपू म्हणजे विचारपूस, सदस्याच्या पानावर लिहिलेला निरोप, हघ्या म्हणजे हलके घ्या, पुलेशु म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. ‘काडी टाकणं’ मात्र लवकर ओळखायला शिका. भांडण लागावं म्हणूनच काढलेल्या धाग्यात, म्हणजे एखाद्या लेखनावर चाललेल्या चर्चेत, सगळ्यात आधी नवा माणूस सापडतो. विषय ठरलेले असतात: आरक्षण, मांसाहार, पुणे विरुद्ध मुंबई, इंग्रजी माध्यम, परदेशात गेलेले आणि इथे राहिलेले. तिथे पदार्पण करू नका. पाककृती, भटकंती, बागकाम, जुनी गाणी अशा ठिकाणी दहा-वीस प्रतिसाद दिलेत की लोकांना तुमचा सूर कळतो, आणि पुढे कधी विरोधात बोललात तर ते ओळखीच्या माणसाचं म्हणून वाचलं जातं.

नाव निवडताना

टोपणनाव घेण्यात लाजण्यासारखं काही नाही. मराठी वृत्तपत्रांच्या बालपणापासून ते चालत आलंय. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ अशा सहीने पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख इंग्रज सरकारच्या नोकरीत होते, आणि पत्रांत धर्माचारावर, जातिभेदावर, विधवांच्या हालांवर सडकून टीका होती. १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने शिकलेल्या, अविवाहित, नोकरी करणाऱ्या मुलींची घुसमट सांगणाऱ्या कथा आल्या. केवढं वादळ उठलं, आणि मजकूर बाजूला ठेवून ही बाई कोण याचीच शोधाशोध सुरू झाली. मालती बेडेकरांनी पुढेही त्याच नावाने लिहिलं. दोघांच्याही बाबतीत वाचकाला खरं नाव माहीत नसेल, पण आज लिहिणारा आणि गेल्या खेपेला लिहिणारा एकच आहे हे माहीत होतं. संस्थळावर तुम्हाला नेमकं हेच जमवायचं आहे.

आजही कारणं फारशी वेगळी नाहीत. शाळेतली शिक्षिका पालकांबद्दल मोकळेपणाने लिहू शकत नाही. सरकारी नोकराला सेवाशर्ती असतात. सासरच्या त्रासाबद्दल सल्ला विचारणारी बाई स्वतःच्या नावाने कशी विचारेल? आणि आडनावाचं तर विचारूच नका. आपल्याकडे माणूस भेटला की दुसरा-तिसरा प्रश्न ‘आडनाव काय, मूळचे कुठले’ हा असतो. उत्तर मिळालं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात जात, जिल्हा आणि बऱ्याचदा पक्षही ठरून जातो. पुढचं सगळं तो त्या आडनावाचं बोलणं म्हणून ऐकतो. टोपणनावाने हे पुरतं थांबत नाही. शब्दांवरून आणि घरच्या आमटीच्या कृतीवरून आयडीची जात हुडकणारे महाभाग आहेतच. पण निदान पहिला परिच्छेद तरी मजकूर म्हणून वाचला जातो. मला टोपणनावाचा हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

आता प्रत्यक्ष निवड. आधी दुसरीकडे कुठेही न वापरलेलं नाव शोधा. इन्स्टाग्रामवर, गेममध्ये आणि जुन्या ईमेलमध्ये जे आहे तेच इथे घेतलंत तर एका शोधात सगळी खाती शेजारी शेजारी उभी राहतात. सुचलेलं नाव शोधयंत्रात टाकून पाहा. दुसऱ्या कुणाचं असेल तर सोडून द्या. त्या खात्यासाठी वेगळा ईमेल काढा. ‘गूगलने प्रवेश करा’ असं बटण असेल तर ते दाबण्याआधी लोकांना कुठलं नाव आणि कुठला फोटो दिसणार ते तपासा, कारण बऱ्याच ठिकाणी खात्यावरचं पूर्ण नाव आपोआप प्रतिसादाच्या डोक्यावर जाऊन बसतं. प्रोफाइलला फेसबुकवरचाच फोटो लावू नका. मांजराचा असला तरी नको. उलट शोधात मांजरही मालकापर्यंत नेतं.

मोबाइल क्रमांक हा सध्याचा सर्वांत मोठा फितूर. जुनी पुस्तकं विकताना किंवा ट्रेकची वर्गणी देताना व्यनितून क्रमांक दिला जातो, आणि समोरच्याने तो यूपीआय ॲपमध्ये टाकला की बँकेतलं नाव आडनावासकट समोर येतं. खरं नाव सांगायची तयारी झाल्याशिवाय क्रमांक देऊ नका.

त्याहून हळू फुटणारी गोष्ट म्हणजे बारीकसारीक तपशील. ‘आमच्या डोंबिवलीच्या शाळेत’ यात काही बिघडत नाही. सहा महिन्यांनी ‘मी दहावी झाले त्या वर्षी’, मग ‘माझ्या जुळ्या मुली’, मग ‘ऑफिस बाणेरला हललं तेव्हा’. प्रत्येक वाक्य निरुपद्रवी, पण चारही वाचलेल्या वर्गमैत्रिणीला तुम्ही कोण हे सांगावं लागत नाही. म्हणून काय कधीच सांगायचं नाही हे सुरुवातीलाच ठरवा. बहुतेकांना तीन गोष्टी पुरतात: नोकरीचं ठिकाण, मुलांची नावं-शाळा, राहती सोसायटी. बाकी सगळं लपवत बसलात तर लेखनात जीव उरत नाही. नातेवाइकांबद्दल लिहिताना गाव किंवा नातं बदला. टोपणनाव तुम्ही घेतलंय, तुमच्या वहिनीने नाही.

एक शेवटची कसोटी. संस्थळांचे कट्टे आणि गटग, म्हणजे सदस्यांच्या प्रत्यक्ष भेटी, होतात आणि तिथे ओळख आयडीनेच करून दिली जाते. ‘हे आपले गळका नळ’ असं कुणी दहा जणांसमोर म्हटल्यावर हात पुढे करता येईल असं नाव घ्या.

नाव लपतं, पण कितपत?

इतर सदस्यांपासून लपतं. संस्थळ चालवणाऱ्यांना ईमेल दिसतो, आयपी पत्ता दिसतो, आणि पोलिसांनी रीतसर मागणी केली तर तो द्यावाही लागतो.

कायद्याबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने तो लाइक केला, आणि दोघींना अटक झाली. दोघींनीही खऱ्या नावानेच लिहिलं होतं आणि त्यात शिवीगाळ नव्हती. गुन्ह्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ लावलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. त्यावरून ‘आता नेटवर काही बोललं तरी चालतं’ असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचं. धमकीच्या कलम ३५१ मध्ये एक पोटकलम आवर्जून वाचण्यासारखं आहे: धमकी निनावी असेल किंवा धमकी देणाऱ्याने नाव-पत्ता लपवायची काळजी घेतली असेल तर मूळ शिक्षेच्या वर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे नाव लपवलं म्हणून सुटका तर सोडाच, शिक्षा वाढते.

‘मग खरी नावंच सक्तीची करा’ असा धागा दर काही महिन्यांनी निघतो. दक्षिण कोरियाने हे करून पाहिलं. २००७ पासून तिथे मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी ओळख पटवणं बंधनकारक होतं. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या सेवेवर हल्ला होऊन सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये घटना न्यायालयाने तो नियम एकमताने रद्द केला. बेकायदा मजकूर त्यामुळे लक्षणीय कमी झाल्याचं दिसत नाही हे त्यामागचं एक कारण होतं. एवढं लांब जायचं नसेल तर स्वतःच्या फेसबुकवर बातमीखालच्या प्रतिक्रिया वाचा. नाव, आडनाव, लग्नातला फोटो, नोकरी, सगळं उघड, आणि शिव्या तशाच.

प्रतिसाद लिहिताना

मग माणूस बिघडतो कशाने? इस्राएलमधल्या हैफा विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी जोड्यांना एका वादाच्या मुद्द्यावर लेखी गप्पा मारायला लावल्या. काहींना एकमेकांची नावगावं सांगितली, काहींना नाही. काहींना कॅमेऱ्यातून एकमेकांचे डोळे दिसत होते, काहींना नाही. भाषा घसरण्यात सर्वांत मोठा वाटा डोळे न दिसण्याचा निघाला, नाव लपण्याचा त्यामानाने कमी. कट्ट्यावर एकदा भेटलेल्या दोन आयडींचं भांडण त्यानंतर कसं नरम होतं हे पाहिलेल्या कुणालाही हे पटेल.

डोळे दिसत नाहीत ही उणीव लिहिताना भरून काढावी लागते. एक उदाहरण घेऊ. कुणीतरी लिहिलं, ‘आजच्या काळात मुलांना मराठी माध्यमात घालणं म्हणजे त्यांचं नुकसान करणं आहे.’ तुमची मुलं मराठी शाळेत शिकली आहेत. पहिल्या झटक्यात बोटांतून येतं ते असं:

‘अमेरिकेत बसून आम्हाला अक्कल शिकवू नका. तुमच्यासारख्या लोकांमुळेच मराठीची ही अवस्था झाली आहे.’

लिहिणारा अमेरिकेत आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही ते आयडीवरून ओळखलंत. ‘तुमच्यासारख्या’ या शब्दात त्याला एका टोळीत ढकललंत. शाळेबद्दल एक शब्द नाही. आता हे पाहा:

‘“नुकसान” म्हणजे नेमकं कुठे म्हणताय? अकरावी-बारावीला विज्ञानाचे शब्द एकदम इंग्रजीत येतात तेव्हा मुलं अडखळतात, हे माझ्या मुलाच्या बाबतीत खरं निघालं, सहा-आठ महिने गेले. पण सातवीपर्यंत तो गणितात जे प्रश्न विचारायचा ते परक्या भाषेत विचारले असते असं मला वाटत नाही. तुमचा अनुभव कुठल्या शाळेचा आहे?’

त्याच्या मजकुरातला नेमका शब्द उचलला, त्याचा जेवढा भाग खरा आहे तेवढा मान्य केला, स्वतःला माहीत असलेलंच सांगितलं, आणि त्याला बोलायला जागा ठेवली. विरोध पूर्ण आहे, एक पाऊलही मागे घेतलेलं नाही.

आणि हे फक्त त्या एका माणसासाठी नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नॅनोतंत्रज्ञानावरचा तोच लेख काही वाचकांना सभ्य प्रतिक्रियांसह आणि काहींना शिवराळ प्रतिक्रियांसह दाखवला. शिवराळ प्रतिक्रिया वाचणाऱ्यांची मतं दोन टोकांना जास्त फाकली. धाग्यावर प्रतिसाद देणारे पाच-दहा असतात, रोमातले शेकडो. तुमचं भांडण ते वाचताहेत.

अहोजाहोचा प्रश्न वेगळा. समोरचा अठराचा की अठ्ठ्याहत्तरचा हे कळत नाही, तेव्हा ‘तुम्ही’ने सुरुवात करा आणि त्याने ‘अहोजाहो नको हो’ म्हटलं की ‘तू’वर या. ‘काका, झेपतंय का?’, ‘आजोबा, गोळी घ्या’, ‘ताई, स्वयंपाक झाला का?’ असली नाती जोडू नका. यातलं एकही नातं प्रेमाने जोडलेलं नसतं. कुणाचं शुद्धलेखन धाग्यावर सुधारू नका. लेखकाने ‘चुका सांगा’ म्हटलं असेल तर व्यनि करा. वादात ऱ्हस्वदीर्घ काढणारा मुद्द्यात हरलेला असतो असा माझा तरी अनुभव आहे.

सभ्य शब्द म्हणजे सभ्यता नव्हे, हे इथे सांगायला हवं. ‘आपल्या अगाध ज्ञानाला साष्टांग दंडवत’ यात एकही अपशब्द नाही आणि संपादकांना उडवायलाही काही सापडत नाही, पण लागायचं तिथे लागतं. आपल्या भाषेत हा तिरकस बोलण्याचा साठा अफाट आहे, आणि तोंडी बोलताना चेहऱ्यावरचं हसू त्याची धार कमी करतं. पडद्यावर फक्त धार पोचते. शेवटी ‘हघ्या’ टंकून ती बोथट होत नाही. ओळख असलेल्या आयडीशी तिरकस बोला, मजा येते, नव्याशी नको.

डुआयडी काढू नका

प्रतिसाद उडाला, कुणी साथ देईना, किंवा खातं गोठवलं की दुसरं खातं काढून स्वतःलाच ‘+१, अगदी सहमत’ म्हणायचा मोह होतो. हाच तो डुआयडी. पकडला जाणं सोपं असतं. आयपी राहू द्या, लकबच पुरते: स्वल्पविरामाआधी जागा सोडण्याची सवय, ‘पण’ ऐवजी नेहमी ‘परंतु’, रात्री एकच्या प्रतिसादाला एक वाजून दोन मिनिटांनी मिळालेली दाद. एकदा उघड झालं की तुमच्या आधीच्या खऱ्या लेखांवरही लोक तोच संशय धरतात, आणि टोपणनावाला वर्षानुवर्षं मिळालेली पत एका दिवसात जाते.

अपवाद एक. फार खाजगी गोष्ट, आजार, घरातली मारहाण, यावर सल्ला हवा असेल तर आधी संपादकांना व्यनि करून विचारा. काही जण अशा वेळी तात्पुरत्या खात्याला परवानगी देतात. विचारून घेतलेलं दुसरं नाव आणि चोरून घेतलेलं दुसरं नाव यांत फरक आहे.

कुणी अंगावर आलं तर

त्या रात्री उत्तर देऊ नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यात पानाचा पत्ता, तारीख आणि वेळ आली पाहिजे. प्रतिसाद नंतर उडतो आणि पुरावाही जातो. मग तक्रारीचं बटण दाबा किंवा संपादकांना थोडक्यात कळवा: कुठला धागा, कुठला प्रतिसाद, धोरणातलं काय मोडलं. संपादक बहुधा नोकरी-घर सांभाळून फुकट काम करणारी माणसं असतात. त्यांना पाच पानी कैफियत पाठवू नका, आणि ‘संपादक कंपूबाज आहेत’ असा धागा तर नकोच.

व्यनितून येणारा त्रास, विशेषतः बायकांना येणारा, धाग्यावर दिसत नाही म्हणून सहन केला जातो. बाईचं नाव दिसलं की ‘फक्त मैत्री’ मागणारे निरोप सुरू होतात. उत्तर देणं बंधनकारक नाही. अडवा आणि कळवा. धमकी, पाठलाग, फोटोंचा गैरवापर असेल तर संपादकांवर थांबू नका, थेट केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. महिला आणि मुलांविरुद्धच्या आक्षेपार्ह मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. १९३० ही मदतवाहिनी मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, हे लक्षात असू द्या.

आणि एक गोष्ट कितीही राग आला तरी करायची नाही: दुसऱ्याचं खरं नाव उघड करणं. कट्ट्यावर, लग्नात, ट्रेकच्या बसमध्ये तुम्हाला नावं कळतील, कोण कुठल्या बँकेत आहे तेही कळेल. भांडणाच्या भरात ‘बोला ना, अमुकतमुक साहेब’ एवढं एक वाक्य पुरतं. ते उडवलं तरी वाचलेलं असतं, आणि त्याची किंमत त्या माणसाला ऑफिसात किंवा घरी मोजावी लागते. नुसती सूचक टिंगलही नको. कुणाचा व्यनि त्याला न विचारता धाग्यावर चिकटवणं हे त्याच जातीतलं.

निघताना

निरोपाचा धागा काढू नका. ‘मी हे संस्थळ सोडत आहे’ या धाग्याला शंभर प्रतिसाद येतात, लेखक त्यातल्या पन्नासांना उत्तर देतो आणि आठवड्यात परततो. खातं बंद केलं तरी अनेक संस्थळं जुने प्रतिसाद काढत नाहीत, कारण त्यांना लटकलेल्या इतरांच्या उत्तरांचा अर्थ जातो. तुमचा मजकूर इतरांनी अवतरणात उचललेला असतो तो वेगळाच. स्वतःचे लेख आधी उतरवून घ्या. ओळख उघड करणारा एखादा जुना तपशील खटकत असेल तर पूर्ण खातं उडवा म्हणण्यापेक्षा तेवढंच वाक्य काढायची विनंती करा, ती बहुधा मान्य होते. खात्यासाठी काढलेला ईमेल मात्र चालू ठेवा. पासवर्ड परत मिळवायची ती एकच वाट असते, आणि दोन वर्षांनी कुणी तुमच्या जुन्या लेखावर चांगला प्रश्न विचारला तर त्याच नावाने उत्तर देता येतं.